गेरसप्पाचं टपाल

एसएस गेरसप्पा ही मालवाहू आगबोट फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येला जर्मन पाणबुडीने बुडवली. आज तिचं नाव निघतं ते चांदीमुळे. तिच्यावर चांदीच्या विटा होत्या, सत्तर वर्षांनी त्या वर काढल्या गेल्या, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत विटांच्या चळतीचे फोटो छापून आले. मला त्या विटांपेक्षा तिच्यावरच्या टपालाचं जास्त वाटतं. माझी सगळी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर म्हणून गेली. रात्रभर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, बंडलं बांधायची, बॅगेला लाखेचं सील करायचं आणि ठरल्या स्टेशनला ती उतरवायची, हे माझं काम. त्यामुळे एखाद्या बोटीबरोबर टपाल बुडालं असं वाचलं की मी तिथेच अडकतो.

आधी बोटीबद्दल. गेरसप्पा म्हणजे शरावतीवरचा जोगचा धबधबा. आपली जुनी माणसं त्याला गिरसप्पाच म्हणायची. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी आपल्या बोटींना हिंदुस्थानातली आणि आसपासची गावं, नद्या, जागा यांची नावं द्यायची आणि शेवट बहुधा ‘आ’कारान्त ठेवायची. गोलपारा, गोलकोंडा, गोग्रा या गेरसप्पाच्याच बहिणी. मुंबईकरांना आठवत असेल ती ‘द्वारका’ याच कंपनीची. आखाताच्या फेऱ्या करत ती १९८२ पर्यंत आपल्या बंदरात येत होती.

गेरसप्पा बांधली गेली इंग्लंडमध्ये, टाइन नदीकाठच्या पामर्स कंपनीच्या गोदीत. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी इतक्या बोटी बुडवल्या की सरकारने एका ठराविक आराखड्यावर भराभर मालवाहू बोटी बांधायला घेतल्या. त्यांची नावं ‘वॉर’ने सुरू व्हायची. हिचं ठरलेलं नाव ‘वॉर रोबक’. पण ती पाण्यात उतरेपर्यंत युद्ध संपलं होतं. १९१९ मध्ये ती ब्रिटिश इंडियाकडे आली आणि गेरसप्पा झाली. ५,२३७ टनांची, कोळशावर चालणारी, साधी कष्टकरी बोट. पुढची वीस वर्षं तिने ताग, चहा, धान्य असा मिळेल तो माल वाहिला. तिच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवावं असं तेव्हा काही घडलं नाही.

डिसेंबर १९४० मध्ये तिने कलकत्ता सोडलं तेव्हा तिच्यात सुमारे २,६०० टन कच्चं लोखंड होतं, १,७०० टनांवर चहा होता, इतर माल होता आणि चांदी होती. शिवाय इंग्लंडला जाणाऱ्या टपालाच्या बॅगा होत्या.

युद्धाच्या दिवसांत पत्रं अशा बोटीवर का, असं कोणी विचारेल. तोवर हिंदुस्थान ते इंग्लंड विमानाचं टपाल चांगलं बसलं होतं, आठवड्याभरात पत्र पोचायचं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राचा रस्ता तुटला. सुएझमार्गे थेट जाणारी विमानं बंद, बोटीही बंद. मग टपालाने पुन्हा वास्को द गामाच्या काळची वाट धरली. आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून पश्चिम किनाऱ्याने वर फ्रीटाउनला, आणि तिथून काफिल्यात, म्हणजे एकत्र जाणाऱ्या बोटींच्या ताफ्यात, सामील होऊन इंग्लंडला. आठवड्याच्या पत्राला आता अडीच-तीन महिने लागू लागले. हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी ते लिहीत होते.

फ्रीटाउनहून सुटणाऱ्या काफिल्यांना ‘एसएल’ म्हणत, सिएरा लिओनची आद्याक्षरं. गेरसप्पा ३० जानेवारी १९४१ ला ‘एसएल ६४’ मधून निघाली. अख्खा काफिला त्यातल्या सर्वांत संथ बोटीच्या चालीने जातो, तरी हिला तेवढंही झेपेना. माल गळ्यापर्यंत भरलेला, समोरून वारा, समुद्र खवळलेला. वेग कमी झाला की तेच अंतर कापायला कोळसा जास्त जळतो. १४ फेब्रुवारीच्या सुमारास कप्तानाने हिशेब केला. कोळसा ठरलेल्या बंदरापर्यंत पुरणार नव्हता. त्याने काफिला सोडला आणि एकटीच बोट आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळवली.

१६ तारखेला सकाळी एक जर्मन विमान बोटीवर घिरट्या घालून गेलं. ते लांब पल्ल्याचं टेहळणी विमान, फॉक-वुल्फ कॉन्डोर. ते गेलं तेव्हाच बोटीवरच्या जुन्या माणसांना काय ते कळलं असणार. संध्याकाळी ‘यू-१०१’ या पाणबुडीने तिला गाठलं. अर्न्स्ट मेंगरसेन हा पाणबुडीचा कप्तान. मध्यरात्रीच्या सुमारास पाणतीर बोटीच्या उजव्या बाजूला, दुसऱ्या नंबरच्या फाळक्याजवळ, म्हणजे मालाच्या कोठाराजवळ, बसला. डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तार तुटली, आणि मदतीचा संदेशही पाठवता आला नाही. वीसेक मिनिटांत बोट पाण्याखाली गेली.

बोटीवर पंच्याऐंशीच्या आसपास माणसं होती. त्यांतली बहुसंख्य हिंदुस्थानी खलाशी.

इथे थोडं थांबतो, कारण चांदीच्या बातम्यांत या माणसांना एक ओळ मिळते. ‘लास्कर’, म्हणजे हिंदुस्थानी खलाशी, झालं. पण बोटीवर प्रत्येकाची जागा आणि हुद्दा ठरलेला असायचा. वरच्या डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. सुकाणावर सुकाणी. सामानाच्या कोठीवर कसाब. खलाशांचं जेवण रांधणारा भंडारी. साफसफाईला टोपास. आणि खाली, जिथे उजेड फक्त भट्टीचा, तिथे आगवाले आणि कोळसा ओढून आणणारे कोयलावाले. कोळशाच्या बोटीचा वेग म्हणजे या खालच्या माणसांचे दंड. वादळात बोट दोन्ही बाजूंना कलंडत असताना लाल झालेल्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा टाकायचा, चार-चार तासांच्या पाळीत. ‘कोळसा संपत आला म्हणून काफिला सोडला’ हे वाक्य आपण सहज वाचून जातो. तो कोळसा शेवटच्या ढिगापर्यंत यांनी भट्टीत घातला होता.

कलकत्त्याला भरती होणारे खलाशी बहुतेक सिल्हेट, नोआखाली, चितगावकडचे. मुंबईला भरती होणारे डेकवरचे खलाशी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. दाभोळ, बाणकोट, हर्णैच्या पट्ट्यात कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, कोणाचा तरी आजा-पणजा बोटीवर होताच. माझं गाव खेड तालुक्यातलं. तिकडे ‘तो बोटीवर आहे’ एवढं सांगितलं की पुढे काही विचारायचं नसतं. मनिऑर्डर येते, माणूस येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. या माणसांना गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा हिस्सादेखील मिळत नसे. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्याबरोबर इंग्लंडमधल्या बंदरांत हिंदुस्थानी खलाशांनी संप केले. युद्धाचा धोका आम्हालाही आहे, तर पगार वाढवा, एवढंच मागणं. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं, आणि शेवटी काही पगार वाढवावा लागला.

गेरसप्पावरून तीन होड्या सोडल्या गेल्या. दोन होड्या आणि त्यांच्यातली माणसं परत कोणाला दिसली नाहीत. तिसरीत तीसेक जण होते. त्यांतले बहुतेक आपले खलाशी, आणि त्यांच्याबरोबर सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स. एअर्सने शीड उभारलं आणि होडी पूर्वेला धरली. फेब्रुवारीतला उत्तर अटलांटिक, उघडी होडी, अंगावरचे कपडे ओलेचिंब, पिण्याचं पाणी मोजून. थंडीने एकेक जण गेला. तेरा दिवस ही होडी समुद्रावर होती. १ मार्चला जमीन दिसली तेव्हा तिच्यात मोजकेच जिवंत होते.

ती जमीन म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण टोकाचं, कॉर्नवॉलमधलं लिझर्ड. किनारा खडकाळ, लाटा उंच. काही शाळकरी मुलींनी होडी पाहिली आणि धावत जाऊन वर्दी दिली. पण कार्थिलियन नावाच्या त्या छोट्या खाडीत, किनारा हाताशी आला असताना, लाटेने होडी उलटवली. एकट्या एअर्सला बाहेर ओढून काढता आलं. तो काही महिन्यांत पुन्हा बोटीवर रुजू झाला. त्याला एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९९२ मध्ये तो वारला.

जवळच्या लँडवेडनॅक गावाच्या चर्चच्या आवारात त्या होडीतल्या माणसांच्या कबरी आहेत. त्यात अठरा वर्षांचा रेडिओ ऑफिसर रॉबर्ट हॅम्पशायर आहे. होडीत त्याच्यासोबत तेरा दिवस जगून किनाऱ्यापर्यंत आलेले हिंदुस्थानी खलाशी आहेत. त्यांच्या कबरींवर नाव नाही. अनोळखी खलाशी, एवढंच.

चांदीचं थोडक्यात सांगतो. विमा ब्रिटिश सरकारचा होता. सरकारने १९४१ मध्येच भरपाई दिली आणि चांदी सरकारच्या मालकीची झाली. २०१० मध्ये ती वर काढण्याचं कंत्राट ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या अमेरिकन कंपनीला मिळालं. ८० टक्के कंपनीला, २० टक्के सरकारला. २०११ मध्ये बोट सापडली, ४,७०० मीटर खोल, म्हणजे टायटॅनिकच्याही सुमारे एक किलोमीटर खाली. कुशीतलं पाणतिराचं भगदाड आणि चहाच्या पेट्या, यांवरून ओळख पटली. २०१२ आणि २०१३ च्या दोन मोहिमांत यंत्रमानवाच्या हातांनी २,७९२ विटा वर आल्या. विमा उतरवलेल्या चांदीपैकी ९९ टक्के. २०१४ मध्ये रॉयल मिंटने त्यातून नाणी पाडली आणि त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं. हिशेब पुरा झाला. यात माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. एवढ्या खोलीवर असं काम करणं हे इंजिनिअरिंगचं मोठंच यश आहे.

चांदी शोधता शोधता त्यांना टपाल सापडलं.

पत्रांच्या गठ्ठ्यांचा तो ढीग होता. त्यातून ७१७ पत्रं सोडवता आली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना. २००५ च्या २६ जुलैच्या पावसानंतर आमच्याकडे भिजलेल्या बॅगा आल्या होत्या. टेबलं, बाकं, जिथे जागा मिळेल तिथे आम्ही पाकिटं पसरून पंखे लावले होते. काहींवरचा पत्ता पार धुऊन गेला होता, काहींचा लगदा झाला होता. हे सगळं एका दिवसाच्या पाण्याने. मग अटलांटिकच्या तळाशी सत्तर वर्षं कागद टिकतो कसा?

टिकला त्याची कारणं वाचली आणि पटली. तिथे उजेड मुळीच पोचत नाही. पाणी बर्फाच्या जवळपास थंड. आणि जिथे ही पत्रं पडली होती तिथे, वरच्या मालाच्या आणि गाळाच्या दाबाखाली, प्राणवायू जवळजवळ नव्हता. कागद खाणारे जीवजंतू तिथे जगू शकले नाहीत. शिवाय पत्रं एकमेकांना घट्ट चिकटून होती. हे मात्र मला माझ्या कामामुळे लगेच कळलं. आमच्या त्या भिजलेल्या बॅगांतही सुटी पत्रं आधी गेली. सुतळीने आवळून बांधलेली बंडलं वरून चिखल झालेली दिसत, पण सोडली की मधली पाकिटं शाबूत निघत. ज्या कोणी कलकत्त्याला ती बंडलं बांधली त्याचे हात नीट चालले होते. त्याचं नाव कुठे असायचं कारण नाही. बंडलावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारायचा आणि पुढचं बंडल घ्यायचं, हीच आमच्या कामाची रीत.

संवर्धकांनी ती पत्रं पापुद्रा पापुद्रा वेगळी केली. २०१८ मध्ये लंडनच्या पोस्टल म्युझियमने त्यांतली काही प्रदर्शनात मांडली आणि ज्यांच्या नावाची ती होती त्यांच्या नातेवाइकांचा शोध घेतला. पत्रं लिहिणारे बहुतेक हिंदुस्थानात नेमलेले गोरे सैनिक, मिशनरी, व्यापारी कंपन्यांतले लोक. नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा, घरची चौकशी, हवापाण्याच्या गप्पा. इंग्लंडमध्ये तेव्हा शहरांवर रोज रात्री बॉम्ब पडत होते, आणि इकडून मुलगा विचारत होता, तुम्ही सगळे ठीक आहात ना. म्हणजे लढाईवर गेलेल्याला घरच्यांची काळजी.

त्यातलं एक पत्र मला फार लागलं. एका सैनिकाने आपल्या मैत्रिणीला लग्नाबद्दल विचारलं होतं. तिने होकार कळवला. तिचा होकार त्याला हिंदुस्थानात मिळाला, आणि त्याने उलट टपाली लिहिलं की तुझं पत्र वाचून आनंदाने रडू आलं. हे उत्तर गेरसप्पावर चढलं. तिला ते मिळालं नाही. तिने पुढे दुसऱ्याशी लग्न केलं, मुलंबाळं झाली. २०१८ मध्ये ते पत्र तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती ९९ वर्षांची होती.

सॉर्टिंगच्या टेबलावर एक नियम असतो. पत्रात काय आहे ते आपलं काम नाही, पत्ता बघायचा आणि योग्य खणात टाकायचं. नवीन मुलांना मी हेच शिकवलं. पण चुकून दुसऱ्या खणात पडलेलं एखादं पत्र महिनाभराने फिरत फिरत परत समोर यायचं, पाकिटावर चार-पाच शिक्के घेऊन, तेव्हा कोणीतरी इतके दिवस दाराकडे बघत असेल हा विचार यायचाच. तो काही नियमाने थांबत नाही. त्या बाईंच्या दाराशी पोस्टमन आला नाही त्या दिवसांचं काय करायचं, हे मला कळत नाही. त्या सैनिकानेही वाट पाहिली असेल. तिच्या गप्प बसण्याचा त्याने काय अर्थ लावला असेल?

ही पत्रं पोचावीत म्हणून ज्यांनी भट्टी पेटती ठेवली ती माणसं मात्र अजून पत्त्याविना आहेत, असं मला वाटायचं. ते तितकंसं खरं नाही, आणि हे सांगावं म्हणूनच आज लिहायला बसलो.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि कबर नसलेल्या हिंदुस्थानी व्यापारी खलाशांची नावं एका स्मरणग्रंथात नोंदली आहेत. संख्या सहा हजारांच्या आसपास. त्यांच्याबरोबर नौदलाचे सुमारे चारशे जण. या ग्रंथाच्या दोन प्रती केल्या. एक चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत आहे, कारण निम्म्याहून जास्त घरं त्या बाजूची असणार. दुसरी आपल्या मुंबईत, मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये. मशीद स्टेशनच्या पूर्वेला उतरून गोदीच्या दिशेने चालत जा, मालाच्या हातगाड्या आणि ट्रक यांच्या गर्दीत ती इमारत आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारकही तिथेच आहे. हार्बर लाइनने रोज त्या बाजूने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल! मलाही गेरसप्पाच्या मागे लागलो तेव्हाच कळलं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावं शोधता येतात. नोंदीत नाव, हुद्दा, बोटीचं नाव, मृत्यूची तारीख असते. काहींत बापाचं नाव आणि गावही असतं. लँडवेडनॅकच्या त्या बिननावाच्या कबरींत नेमकं कोण आहे हे यादीतून ठरत नाही, पण गेरसप्पाबरोबर कोण कोण गेलं ते कळतं. आगवाला कोण, भंडारी कोण, सुकाणी कोण.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी इंग्रजीत, एकेक नाव शोधून काढावं लागेल अशा रूपात पडून राहू नये. लंडनच्या म्युझियमने पत्रांच्या मालकांचा शोध घेतला, तसा या नावांचा शोध गावोगाव घेता येईल. रत्नागिरी, रायगडच्या नावांची यादी देवनागरीत उतरवून तालुक्याच्या वाचनालयांत, शाळांत, मशिदींत, गोव्याकडची असतील तर तिथल्या चर्चमध्ये लावली पाहिजे. मी माझ्या तालुक्यापासून सुरुवात केली आहे. गावाचं नाव असलेल्या नोंदी वेगळ्या काढून वहीत उतरवतोय, तालुक्याप्रमाणे, जशी आम्ही पत्रं लावायचो तशीच.

तुमच्या घरात कोणी बोटीवर होतं आणि युद्धात परत आलं नाही असं ऐकलं असेल, तर एकदा स्वतः शोधून बघा. आजीला किंवा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. बोटीचं नाव आठवत असेल तर काम सोपं होतं, नसेल तर निदान शेवटचं पत्र किंवा मनिऑर्डर कोणत्या साली आली ते विचारा. शोधताना नाव दोन-तीन प्रकारच्या स्पेलिंगने घाला. इब्राहिमचं स्पेलिंग चार तऱ्हांनी सापडेल, दाऊदचंही तसंच, आणि गावांच्या नावांची तर फारच वाट लागली आहे. बंदरावरच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून घेतलेलं आहे. गाव ओळखता आलं नाही तर मला कळवा. वाकडेतिकडे पत्ते लावण्यात माझा जन्म गेला आहे.